डाव्या हाताचे टाके

अब्बा, सगळ्यांच्या आधी आली ती समोरची पेन्शनवाल्याची बायको. पाहुणे माझ्याकडं यायचे होते, चहा माझ्या घरचा होता, आणि पंख्याखालची खुर्ची धरून बसली ती. वर मलाच म्हणते, "आपा, आज लई नटलाव." मी काय नटले, ईदेची साडी तेवढी काढली होती. मी म्हणलं, "तुमी बी आज बिना बोलावता आलाव." तर ती हसली आणि खुर्ची आणखी पुढं ओढली. बाई मनाची चांगली आहे, नवऱ्याची पेन्शन आणि गल्लीतल्या बातम्या दोन्ही सांभाळते. तिला कळलं होतं की कंधारहून कुणी मास्तर येतोय, सोबत हैदराबादचा एक जाणकार येतोय, आणि ते दोघं लातुरात दुसऱ्या कुणाला नाही, मला भेटायला येतायत. आता असल्या गोष्टीला ती घरी बसून राहील का. माझी नात आत चुरमुऱ्यांची सुशीला परतत होती, तिथून ओरडली, "दादी, तिखट किती?" मी म्हणलं कंधारचे आहेत, घाल. हैदराबादवाल्याचं तो बघून घेईल.

तुम्हाला कळायचं नाही मी काय सांगते आहे ते. म्हणून पहिल्यापासून सांगते. तुम्ही मला दोन वर्षं शाळेत घातलं ती उर्दूची. ती अक्षरं पुढं पुसून गेली. मराठी मी लग्नानंतर शिकले, माझ्या पोरांच्या पाटीवर, त्यांच्याच संगं. म्हणून हे पत्र मराठीत आहे. तुम्हाला मराठी बोलता झकास यायची, वाचता येत नव्हती, तेव्हा मी काय वाटेल ते लिहू शकते. माझी नात आहे, तिच्या फोनमध्ये एक टोळी आहे. टोळी म्हणजे दरोडेखोरांची नव्हे, शौकिनांची. जुन्या फौजांचं सामान हे लोक गोळा करतात. तलवारी, म्यानं, पट्टे, काडतुसं ठेवायच्या चामड्याच्या पेट्या, पखाली, बिल्ले, घोड्याची खोगिरं. आता हे सगळं फोनवर विकायला येतं, अब्बा. विकणारा दिल्लीत की आग्र्यात बसलेला असतो, घेणारा नांदेडात. फोटो बघायचा, खाली लिहिलेलं वाचायचं, आणि माल घरपोच. वस्तू हातात न घेता लोक चामडं विकत घेतात, हे ऐकूनच तुम्ही जागेवरून उठला असता. एकदा नात असाच एक पट्टा बघत होती, निजामाच्या रिसाल्यातला म्हणून लिहिलेलं. मी मटार सोलत होते. सहज नजर टाकली आणि म्हणलं, "हे चहाच्या पाण्यात बुडवलंय." तिनं ते तसंच टोळीत लिहिलं. दोन दिवसांनी कुणीतरी तो पट्टा घेतलेला माणूस म्हणाला, ओला करून पुसला तर फडक्याला खरंच चहाचा रंग आला. झालं. तेव्हापासून मी तिथली काझी.

खोटं करायची पण एक अक्कल लागते, ती ह्यांना नाही. मशीनची शिवण बघा, मुंग्यांची रांग लावल्यासारखी सरळ, आणि भोकं गोल. आरीच्या चपट्या टोकानं टोचलेलं भोक कधी गोल असतं का. पेटीच्या पितळी घुंडीला मीठ-लिंबू लावून हिरवी करतात, पण पेटी उघडताना अंगठा जिथं लागतो तिथं ती घासून गुळगुळीत व्हायला पाहिजे, हे त्यांना ठाऊक नसतं. पट्ट्याची भोकं बघायची. माणूस रोज कमर आवळतो, चालतो, वाकतो, तर एक भोक ओढून ओढून लांबट होतं, आणि तेच एक होतं, कारण माणसाचं पोट एकच असतं. खोट्या पट्ट्याची सगळी भोकं सारखीच ढिली. आणि घामाचा डाग अंगाकडच्या बाजूनं असतो. एका शहाण्यानं तो बाहेरून लावला होता. मी इतकी हसले की नातीनं पाणी आणून दिलं. हे मला कुणी शिकवलं? तुम्हीच. कंधारात तुम्ही निजामाच्या फौजेच्या पेट्या शिवायचे, जुना मालही तुमच्याकडं दुरुस्तीला यायचा, तुम्ही तो माझ्या मांडीवर ठेवायचे आणि म्हणायचे, सांग, हा माणूस जाडा होता की वाळका, घोड्यावर बसायचा की पायी जायचा. मी सांगायचे. चुकले की तुम्ही नुसती मान हलवायचे. ती मान मला अजून दिसते.

तर तीन आठवड्यांमागं टोळीत एक फोटो आला. काडतुसाची पेटी. निजामाच्या फौजेतली, देगलूरकडच्या कुण्या जुन्या घरात सापडलेली, असं विकणाऱ्यानं लिहिलेलं. कंधारच्या एका रिटायर मास्तरांनी ती मागवली होती. हे मास्तर शेतकऱ्याच्या घरचे, पण नाद कारागिरीचा. गावच्या वाचनालयात एक कपाट मांडायचं त्यांच्या मनात आहे, कंधारात कुणी काय बनवलं ते दाखवणारं. त्यांना विचारायचं होतं, ही पेटी खरी ना. नातीनं फोटो मोठा करून माझ्यासमोर धरला. अब्बा, मी तिच्या हातातला फोन ओढून डोळ्यांजवळ नेला. तसलीच पेटी. झाकण तसंच, कड तशीच घासलेली, अंगठ्याच्या रुंदीत सात टाके, ना सहा ना आठ. आपल्या घरातली म्हणावी अशी. आणि मग मी टाक्यांचा झोक बघितला. तुमचे टाके सगळे उजवीकडं झुकायचे, वाऱ्यानं कललेल्या ज्वारीसारखे, एका अंगाला. हे डावीकडं. मला असा राग आला म्हणून सांगू. कुणी तरी तुमची नक्कल केली आणि ती पण उलटी. मी फोनमध्ये आवाज भरून पाठवला, ठासून: "हा टाका माझ्या अब्बांचा न्हाई. कंधारात असा टाका पडतच नव्हता. परत करा." टोळीतल्या हैदराबादच्या जाणकारानं लगेच दुजोरा दिला. त्याच्याकडं कंधारच्या कामाच्या दोन पेट्या आहेत, दोन्हीचे टाके उजवे. मास्तरांनी परत पाठवायची बोलणी केली. मी त्या दिवशी लई खूश होते. तुमचं नाव राखलं असं वाटलं.

दहाच्या सुमाराला ते दोघं आले. मास्तर धोतर नाही, पँटवाले, पण वाकून आदाब केला. जाणकार वयानं लहान, दाढी कोरलेली, गळ्यात भिंग दोरीला बांधलेलं. पेन्शनवालीनं ते भिंग बघितलं आणि माझ्या कानात म्हणाली, "सोनार हाय का हा?" सुशीला खाल्ली, जाणकाराच्या डोळ्यांत पाणी आलं, पण पोरगा जिद्दीचा, ताट रिकामं केलं. मग मास्तर म्हणाले, "आपा, उद्या दुपारी कुरिअरवाला पेटी परत न्यायला येणार. म्हणलं जायच्या आधी एकदा तुमच्या हातात द्यावी. खोटं कसं वळखायचं ते बोट ठिवून दाखवा, म्हंजी म्या परत फसणार न्हाई." पेन्शनवाली म्हणाली, "आमच्या आपा आंधळ्यानं बी वळखतील." ती कधी नव्हे ती माझं कौतुक करत होती. मास्तरांनी पिशवीतून कापडात गुंडाळलेली पेटी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. अगदी तुम्ही ठेवायचे तशी.

मी आधी वास घेतला. पॉलिशचा नाही, रॉकेलचा नाही. जुन्या तेलाचा, आणि थोडा घोंगडीचा. मग अंगठा शिवणीवर ठेवून चालवत नेला, तुम्ही न्यायचे तसा, आणि खालच्या कोपऱ्याला आल्यावर अंगठा थांबला. तिथं दोन टाके एकाच भोकातून गेलेले. कारण तिथं माझी आरी घसरली होती आणि बोटात शिरली होती, आणि मी बोट तोंडात धरून, दुसऱ्यांदा भोक न पाडता, त्याच भोकातून सुई काढली होती. अब्बा, ती पेटी मी शिवली होती.

तुम्हाला आठवतं का ते. तुम्हाला हिवताप आलेला. ठेकेदाराची गाडी जुम्म्याला येणार, आणि पेट्या पुऱ्या व्हायच्या राहिलेल्या. अम्मा तुमच्या कपाळावर ओली पट्टी बदलते आहे, तुम्ही बाजेवर थरथरताय, आणि मी ओसरीत दोन गुडघ्यांत लाकडी चिमटा धरून बसले आहे. मी नऊ-दहा वर्षांची असेन. तुम्ही बाजेवरून सांगताय, सुई ओढ, आणखी ओढ, आणि सीध्या हातानं. डाव्या हातानं खायचं नाही, डाव्या हातानं द्यायचं नाही, आणि आपल्या घरात डाव्या हातानं शिवायचं नाही. माझा डावा हात मात्र आपोआप आरीकडं जायचा, बकरीचं पिल्लू आईकडं जातं तसा. तुम्ही कितीदा त्या हातावर चामड्याची पट्टी मारली. जोरात नाही, पण मारली. त्या दुपारी तुमचा डोळा लागला आणि मी आरी डाव्या हातात घेतली. काय सांगू, हात पाण्यासारखा चालला. एक अख्खी पेटी मी तुमचा डोळा उघडायच्या आत शिवून काढली. इतकी सुंदर झाली होती की मला ती तुम्हाला दाखवावीशी वाटली. मूर्ख पोर. तुम्ही उठलात, पेटी हातात घेतलीत, टाक्यांकडं बघितलंत आणि एकच बोललात, "उलटा हाथ नक्को. उकल सारी." मी हो म्हणलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारलंत, उकलली का, नीट शिवली का. मी म्हणलं, शिवली. आणि अब्बा, मी उकललीच नव्हती. माझ्यानं उकलवेना. मी ती खोक्याच्या तळाशी, घोंगडीच्या तुकड्याखाली दडवली आणि वर बाकीच्या रचल्या. गाडी आली, खोकं गेलं. पुढच्या साली ती फौजच राहिली नाही, ठेकेदार कुठं गेला कळलं नाही, तुम्ही बैलांच्या गळ्यातले पट्टे आणि सायकलच्या सीटा शिवायला लागलात. मी लग्न होऊन लातूरला आले. आणि ती पेटी माझ्या मनातून इतकी गेली, इतकी गेली, की फोटोत समोर आली तर मी तिला खोटी म्हणलं.

आता बघा माझी पंचाईत. गप्प राहिले असते तर उद्या कुरिअरवाला आला असता आणि पेटी पुन्हा त्या दिल्ली-आग्र्याच्या बाजारात गेली असती, जन्माची. तुमच्या घरातलं माझ्याकडं दुसरं काय आहे, लग्नात तुम्ही फडक्यात बांधून दिलेली एक आरी. आणि बोलले असते तर पेन्शनवालीसमोर, नातीसमोर, परक्या दोन माणसांसमोर सांगावं लागणार की कंधारच्या ज्या कारागिराचं नाव मी तीन आठवडे फोनवर गाजवलं, त्याच्या खोक्यातून एक पेटी न तपासता, पोरीच्या हातची, लबाडीनं गेली. माझं काय, माझं हसं झालं तर झालं. पण तुमचं इमान. तुम्ही हाताखालून गेल्याशिवाय एक बटण बाहेर सोडलं नव्हतं.

मास्तर म्हणाले, "काय झालं आपा, बरं वाटत न्हाई का?" मी म्हणलं, "मास्तर, कुरिअरवाल्याला नको म्हणून कळवा. पेटी खरी हाय. मी चुकले." आणि सांगितलं सगळं. ताप, आरी, उकल म्हणलेलं, न उकललेलं. नात दारात पळी घेऊन उभी, ती म्हणाली, "दादी, तुमचा आवाज अख्ख्या टोळीत गेलाय, खोटी हाय म्हणून." मी म्हणलं, आता दुसरा जाईल. पेन्शनवाली म्हणाली, "म्हंजी आपा, तुमी स्वतःचाच हात वळखला न्हाई?" आणि लुगडं तोंडाला लावून हसली. तिला आता वर्षभर पुरेल.

जाणकार मात्र हसला नाही. पोरगा भला होता. त्यानं माझ्याकडं बघून, शब्द निवडून विचारलं, "दादीमा, बुरा मत मानो, लेकिन आपके कहने पे मैं कैसे मान लूँ?" मला आवडलं ते. मी तरी कुणाच्या सांगण्यावर मानलं असतं का. नातीला आरीचा डबा आणायला सांगितला, तिच्या जुन्या पर्सचा पट्टा कापायला लावला, सुतावर मेण ओढलं, दोन सुया ओवल्या. ओवल्या म्हणजे नातीनं ओवल्या, माझे डोळे आता तेवढे नाहीत. आणि डाव्या हातात आरी घेऊन वीतभर शिवण घातली. पहिले चार टाके वाकडे पडले, पाचव्यापासून हात बसला. जाणकारानं पेटी आणि पट्टा शेजारी शेजारी ठेवून भिंग लावलं. आरी ज्या हातात, भोक त्या अंगानं तिरकं पडतं, आणि टाका तिकडं झुकतो. झोक तोच. अंगठ्यात सात. तो म्हणाला, "टाका मिलता है. लेकिन डावखुरे और भी होंगे."

बरोबर होतं त्याचं. तेव्हा मी घरातली गोष्ट बाहेर काढली. ठेकेदारानं कारागिराची खूण करायला मनाई केली होती, म्हणून तुम्ही ती लपवून करायचे. झाकणाची जी जीभ घुंडीत अडकते, तिच्या आतल्या बाजूला, मुळाशी, चांदकोरीचा ठसा. ठसा तुमच्या हातून दगडावर पडून त्याचं एक टोक मोडलेलं होतं, म्हणून कोर एका बाजूनं बोथट यायची. पेटी अंगठ्याखालून गेली, मनाला पटली, तरच ठसा. नाहीतर उकलायच्या ढिगात. मी जाणकाराला म्हणलं, तुझ्या घरच्या दोन पेट्या बघ. त्यानं तिथंच बसून हैदराबादला बायकोला फोन लावला. ती बिचारी चूल सोडून कपाटाकडं गेली असणार, फोनमधून कुकरची शिट्टी ऐकू येत होती. जरा वेळानं तिचा आवाज आला, "हौ जी, चाँद है. एक तरफ से टूटा हुआ." दोन्हीला. मास्तरांनी मांडीवर थाप मारली. मी म्हणलं, थांबा, एवढ्यात खूश होऊ नका. ह्या पेटीला ठसा नसणार. ही दडवून गेलेली आहे. ठसा नाही हीच तिची खूण समजा, मानायचं तर माना.

जीभ वाळून झाकणाला चिकटली होती. जाणकार ओढायला गेला तर मी त्याच्या हातावर चापट मारली. खोबरेल तेलाचं बोट फिरवलं, तळहातानं धरून ऊब दिली, आणि हळूहळू ती उलटी केली. माझे डोळे तेवढे नाहीत म्हणलं ना. मला दिसलं नाही. अंगठ्याला लागलं. एक बारीक बाक, आणि त्याचं एक टोक बोथट.

अब्बा, मी पुन्हा पुन्हा अंगठा फिरवला, ठसा तुमचाच. पेन्शनवाली पंख्याखालची खुर्ची सोडून माझ्याजवळ येऊन बसली, ह्यावरून समजा. मी डोळ्यांसमोर आणून बघते आहे तेव्हापासून. अम्मा विहिरीवर गेलेली, मी तिच्यासंगं घागर घेऊन गेलेली. तुम्ही अंगात ताप घेऊन बाजेवरून उठताय, भिंत धरत ओसरीत येताय, बांधलेलं खोकं सोडताय. एकेक पेटी बाहेर काढताय, तळापर्यंत. घोंगडीचा तुकडा बाजूला करताय. अंगठा फिरवताय. त्या दोन टाक्यांपाशी तुमचा अंगठा पण थांबला असणार. आणि मग ठसा उचलताय. परत सगळं होतं तसं रचलंत, घोंगडीसकट. माझ्याशी त्या पेटीबद्दल कधी एका शब्दानं बोलला नाहीत. फक्त त्या वर्षापासून डाव्या हातावर चामड्याची पट्टी पडली नाही. मला वाटायचं, फौजेचं काम गेलं म्हणून तुमचं मन उडालं.

मास्तर डोळे पुसत होते, त्यांचे डोळे तिखटानं नव्हते भरले. म्हणाले, "आपा, कपाटात पेटीखाली चिठ्ठी लावायची. काय लिवू?" मी म्हणलं, "लिवा, शिवण लेकीची, ठसा बापाचा." तर म्हणाले, नको, तुमच्या अक्षरात तुम्हीच लिहा, आम्ही न्यायला येतो. जाणकार जाताना म्हणाला की तो त्याच्या दोन पेट्या पण घेऊन येईल, तिघी एका जागी बघू. आणि सुशीला जरा कमी तिखट. नातीनं टोळीत माझा दुसरा आवाज पाठवला, "मी चुकले, पेटी खरी हाय, आणि माझी हाय." मागं पेन्शनवालीचं हसणं पण गेलं त्यात. जाऊ दे. मी इतकी खूश आहे की तिला काल भज्याची वाटी पाठवली.

चिठ्ठीसाठी अक्षर गिरवायला बसले आणि हे एवढं लिहून झालं. कुठं टाकायचं हे पत्र, आपल्या कंधारच्या त्या घराच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. आरीच्या डब्यात ठेवते. एक सांगायचं राहिलं, तुम्ही नको म्हणला होतात तरी. हे सगळं मी डाव्या हातानं लिहिलंय. सगळी चिठ्ठीपत्री त्याच हातानं लिहीत आले, पोरांच्या पाटीपासून, कुणी बघत नसलं की. आता नात बघते आहे, बघू दे. चिठ्ठी पण ह्याच हातानं लिहीन. पाहुणे शनिवारी सकाळच्या गाडीनं येतो म्हणालेत.